हजेरीपुरता जामीन

दाजींनी त्या सकाळी पुन्हा सांगितलं, आज त्या पत्रावर सही झाली नाही तर मी जामीन काढून घेतो. मी म्हटलं, चला, काढूनच टाकू.

कप त्यांच्या ओठाशी तसाच राहिला. ताई ओट्यापाशी पाठमोरी उभी होती, तिची पाठ हलली नाही. मी आत गेले, दोन ड्रेस, एक टॉवेल, दात घासायचा ब्रश आणि अंगावर घ्यायची चादर कापडी पिशवीत कोंबली, आणि दारात येऊन चपला घालू लागले. दाजी म्हणाले, ही काय नाटकं. मी म्हटलं, नाटक चार महिने चाललंय, आज पडदा पाडू.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. चार महिन्यांपूर्वी त्या दोघांनी माझ्यासाठी सही केली, आपल्या दोन खोल्यांचे कागद कोर्टात दाखवले, आणि मी कोठडीतून बाहेर आले. तेव्हापासून मी त्यांच्याकडे राहते. राहते म्हणजे श्वाससुद्धा विचारून घेते. पंखा जोरात लावला की दाजी म्हणायचे, लाव, लाव, आमचं घर तर टांगलेलंच आहे. नळ उघडा राहिला, जामीन. भाजीत मीठ जास्त पडलं, जामीन. एकदा शेजारीण काहीतरी बोलली आणि मला खळाळून हसू आलं, तर आतल्या खोलीतून आवाज आला, हळू हस, जामिनावर आहेस. शेजारणीनं मान खाली घातली आणि वाटी घेऊन निघून गेली. ती पुन्हा आली नाही.

उपकार हा पाहुण्यासारखा असावा, दोन दिवस राहून आपल्या वाटेनं जावा. हा उपकार घरजावयासारखा पाय पसरून बसला होता.

मी काय केलं ते सांगते. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

मी लॉन्ड्रीत काम करत होते. कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान नव्हे. पत्र्याची मोठी शेड, तिथं हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी गाड्या भरभरून येतात. एका टोकाला धुणं, दुसऱ्या टोकाला रोलर. रोलर म्हणजे वाफेनं तापलेला जाडजूड लोखंडी नळा, सतत फिरणारा. दोघींनी ओल्या चादरीची टोकं धरून ती त्याच्या तोंडात द्यायची, पलीकडं दोघींनी कडक झालेली चादर झेलायची. तिथं बोललेलं ऐकू येत नाही. म्हणून मी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायचे: एक शिट्टी म्हणजे सावकाश, दोन म्हणजे थांबा. सगळ्या मला शिट्टीच म्हणायच्या. माझ्या जोडीला जी होती ती उंच, मानेनं लांब, तिला जिराफ म्हणायच्या. ती उंच होती म्हणून मोठ्या चादरी आमच्या वाट्याला. ती ओठ हलवत गाणं म्हणायची. आवाज पोचायचा नाही, पण ओठांवरून मला पाठ झालं होतं:

चादर आली, चादर गेली, अंगाची माझ्या वाफ झाली,
कोण गं निजलं मऊ उशीवर, झोप गं माझी कुणी नेली.

रोलरच्या तोंडाशी एक आडवी पट्टी असते. हात चुकून पुढं गेला तर आधी पट्टीला लागतो आणि रोलर जागच्या जागी थांबतो. पण चादरीचा गोळा झाला तरी पट्टी दबते, तरी थांबतो. दिवसातून कितीदा तरी थांबायचा. मग एके दिवशी रोलर बंद असताना मुकादमानं तार आणली आणि पट्टी मागं ओढून बांधून टाकली. आम्ही सगळ्यांनी बघितलं. मी म्हटलं, मुकादम, हे बरं नाही. तो म्हणाला, तुझ्या माहेरची चादर आहे का, एवढी काळजी कशाला. सगळ्या हसल्या. मीही हसले. त्या हसण्याचा राग मला अजून येतो, आणि तो दुसऱ्या कुणावर काढताही येत नाही.

तिसऱ्या दिवशी जिराफचा उजवा हात चादरीबरोबर आत गेला.

मी शिट्टी मारली. दोन, चार, किती मारल्या कुणास ठाऊक. पलीकडच्या दोघींनी बघितलं आणि त्या दगडासारख्या उभ्या राहिल्या. बटणाची पेटी भिंतीवर, तिला मुकादमाचं कुलूप. मी चादरी वाहायच्या ढकलगाडीची लोखंडी दांडी उपसली आणि पेटी फोडली. ठिणग्या उडाल्या, रोलर थांबला, शेडमध्ये एकदम शांतता झाली, आणि त्या शांततेत जिराफचा आवाज पहिल्यांदा सगळ्यांना ऐकू आला. तो मी इथं लिहीत नाही.

मुकादम धावत आला. त्यानं आधी पेटीकडं बघितलं. म्हणाला, पेटी फोडलीस? हाताकडं त्यानं बघितलं नाही. मग मी तीच दांडी त्याच्या खांद्यावर घातली. त्याचं हाड मोडलं. मी ते कधीच नाकारलं नाही. पोलिसांनी विचारलं तेव्हाही मी हो म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं, मारहाण आणि मालाचं नुकसान. तार कुणी लिहून घेतली नाही. ती त्या संध्याकाळपर्यंत जागेवरून गेली होती.

दोन दिवस कोठडी. तिसऱ्या दिवशी कोर्ट म्हणालं, जामीन देतो, पण घरदार असलेले दोन जामीनदार आणा. मला वकील ठेवायची ऐपत नव्हती, कोर्टानंच एक वकीलबाई दिली होती. तिच्याकडं त्या दिवशी माझ्यासारख्या अकरा जणी होत्या. तिनं ताईला निरोप धाडला. दोघं आली. ताई वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात काम करते, तिथूनच तशीच आली होती, पदराला पीठ. दाजींनी कागदांवर सही केली, ताईनं केली, मी केली. कुणी वाचलं नाही. मागं रांग होती, शिपाई ओरडत होता, आणि ताई माझ्याकडं अशी बघत होती की मला अक्षर दिसेना.

आता दाजींचं एक सांगायला हवं. दाजी टपाल कचेरीत पत्रं वेगळी लावतात. सव्वीस वर्षं त्यांनी पाकिटांवरचे पत्ते वाचले आणि एकही पाकीट फोडलं नाही. दुसऱ्याचं पाकीट उघडणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं, असं ते म्हणतात, आणि त्या बाबतीत त्यांच्यासारखा सरळ माणूस मी पाहिला नाही. वकीलबाईनं आम्ही सह्या केलेल्या हमीपत्राची प्रत एका पाकिटात घालून चिकटवून दिली. पाकिटावर माझं नाव. दाजींनी ते सांभाळायला म्हणून कपाटात ठेवलं. माझं नाव, म्हणून त्यांनी फोडलं नाही. आणि मला वाटलं, घर त्यांचं, कागद त्यांचा, मी कोण मागणार. चार महिने ते पाकीट कपाटात पडून राहिलं आणि त्यात काय असेल याची भीती आमच्या घरात भाडं न देता राहिली.

त्या भीतीला खतपाणी घातलं लॉन्ड्रीच्या मॅनेजरनं. तो पहिल्याच आठवड्यात दाजींना टपाल कचेरीबाहेर भेटला, हॉटेलात नेलं, चहा पाजला. म्हणाला, तुमच्यासारखा सज्जन माणूस यात विनाकारण अडकला. केस आमच्या बाजूनं आहे. तिला शिक्षा लागली की तुमच्या खोल्यांना टाळं. कशाला? तिनं एवढं लिहून द्यावं, आम्ही मिटवून टाकू. आणि टाइप केलेलं पत्र त्यांच्या हातात ठेवलं, त्यात लिहिलं होतं: यंत्राची पट्टी त्या दिवशी नीट होती. माझ्या सहकारी बाईनं स्वतःच्या निष्काळजीपणानं हात आत घातला. माझा तोल गेला, मी माफी मागते.

चार ओळी, आणि जिराफच्या चार बोटांचा निकाल. अंगठा तेवढा राहिला होता. तिनं भरपाईसाठी कामगार कचेरीत अर्ज दिला होता आणि तार बघितली असं सांगायला तयार असलेली मी एकटी. बाकीच्या म्हणाल्या, आमचं लक्ष नव्हतं. मी त्यांना दोष देत नाही. म्हणजे, देते. पण त्यांच्या घरी चुली आहेत हेही मला माहीत आहे.

मी सही करणार नाही म्हटलं त्या दिवसापासून घरात दुसरा शब्द उरला नाही. दाजी आरडाओरडा करणारे नव्हेत. ते बोलतात ते भिंतीशी, पेपराशी, चपलेशी. चपलेला सांगायचे, बघ बाई, तुला ठेवायला जागा आहे तोवर आहे. ताई ऐकायची. ताई लग्नानंतर अशी झाली की तिला काही विचारलं तर ती आधी पदर सारखा करते आणि मग उत्तर द्यायचं विसरून जाते.

तर त्या सकाळी आम्ही तिघं निघालो. ताईनं रजा काढली होती, हे मला जिन्यात कळलं. मी पुढं, दाजी मध्ये, ताई मागं. माझी त्या दिवशी आठवी तारीख होती. आधीच्या सातही तारखांना मी वेळेआधी तासभर जाऊन बाकावर बसले होते. एकदा ताप होता तरी गेले. न्यायाधीश बघायचे, पुढची तारीख द्यायचे, दोन मिनिटांत बाहेर. त्या दोन मिनिटांसाठी मी आठवडाभर छाती धरून असायचे.

कोर्टाच्या मागच्या व्हरांड्यात जामिनाचं टेबल आहे. तिथले कारकून वयस्कर, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, समोर शिक्क्यांची रांग. दाजी त्यांच्यासमोर उभे राहिले आणि घसा साफ करत राहिले. शेवटी मीच म्हटलं, साहेब, यांना माझा जामीन काढून घ्यायचाय.

कारकुनांनी चष्म्यावरून तिघांकडं बघितलं. दाजींना विचारलं, तारीख चुकवली का हिनं? दाजी म्हणाले, नाही. पत्ता बदलला, न सांगता गेली कुठं? नाही, आमच्याकडंच असते. पळून जाईल असं वाटतं? दाजी माझ्या हातातल्या पिशवीकडं बघत म्हणाले, ही काय, समोर उभी आहे.

"मग अडचण काय आहे, राव?" कारकून म्हणाले. "जामीनदार येतात ते रडत येतात, माणूस सापडत नाही म्हणून. तुम्ही माणूस घेऊन आलात आणि रडताय."

दाजींनी सांगितलं. ही केस हरणार, मग आमचं घर जाणार, ही मिटवायला तयार नाही. बोलता बोलता त्यांचा आवाज कापला, आणि क्षणभर मला त्यांची दया आली. सव्वीस वर्षं उभं राहून पत्रं लावून घेतलेल्या त्या दोन खोल्या. एका खिडकीतून झाड दिसतं. ते झाड दाजी पाहुण्यांना स्वतः लावल्यासारखं दाखवतात.

कारकुनांनी विचारलं, हमीपत्राची प्रत कुठं आहे. दाजींनी आतल्या खिशातून पाकीट काढलं. अजून चिकटवलेलं. कारकून त्याकडं बघत राहिले. फोडलं का नाही? दाजी म्हणाले, नाव हिचं आहे. मला विचारलं, मग तुम्ही का नाही फोडलंत, बाई? मी म्हटलं, कागद यांचा आहे.

त्यांनी हसू दाबलं का शिवी दाबली, कळलं नाही. पट्टीनं पाकिटाची कड कापली, कागद सरळ केला आणि आम्हाला वाचून दाखवला. मोठ्यानं, लहान मुलांना कविता शिकवावी तसा, प्रत्येक ओळीखाली बोट ठेवत. आरोपी प्रत्येक तारखेला कोर्टात हजर राहील याची आम्ही हमी देतो. हजर न राहिल्यास वर लिहिलेली रक्कम भरण्यास आम्ही बांधील आहोत. बस. खाली तीन सह्या.

मग त्यांनी कागद उलटा करून दाजींपुढं ठेवला आणि सांगितलं. ती आली नाही तर तुम्हाला नोटीस येईल, का आली नाही ते सांगा म्हणून. आजारी होती, दवाखान्यात होती, तर कागद दाखवा, कोर्ट ऐकतं. कारण पटलं नाही तर रक्कम भरा. ती भरता आली नाही तरच घराचा विषय. ती कुठं राहते हे तुम्हाला माहीत पाहिजे, आणि ती गायब झाली तर तुम्ही येऊन सांगायला पाहिजे. तुमचं काम एवढंच. केस ती जिंको नाही तर हरो, निकाल ऐकायला ती हजर असली की तुमची हमी सुटली, घराचे कागद मोकळे.

"जामीन हजेरीला असतो, राव. गुन्ह्याला नसतो."

व्हरांड्यात पंखा फिरत होता. मी दाजींकडं बघितलं नाही. मला वाटलं होतं की मला आनंद होईल. पण आला तो राग. चार महिने! पंखा, नळ, मीठ, माझं हसणं. चार महिने मी ज्या खुंटीला टांगून होते ती खुंटी भिंतीत नव्हतीच.

मी विचारलं, आणि यांना काढून घ्यायचाच असेल तर? कारकून म्हणाले, घेता येतो, कधीही. अर्ज लिहायचा, कारण सांगायचं बंधन नाही. मग तुम्हाला इथूनच आत नेतील आणि दुसरा जामीनदार मिळेपर्यंत तुम्ही आतच. त्यांनी एक कोरा कागद पुढं सारला आणि त्यावर पेन ठेवलं. म्हणाले, न्यायाधीशसाहेब अकरा वाजता बसतात.

दाजींनी पेन उचललं.

आता त्यांना घराची भीती नव्हती. ते नुकतंच त्यांच्या कानात घातलं होतं, शिक्क्यानिशी. तरी त्यांनी पेन उचललं, कागदावर तारीख घातली, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, सही कर त्या पत्रावर, मी हे फाडून टाकतो. तेव्हा मला कळलं. भीती गेली होती, पण हातातली दोरी जात होती, आणि दोरीची माणसाला सवय लागते. गाईला लागते तशीच गुराख्याला.

मी म्हटलं, लिहा, दाजी. शुद्ध लिहा, जोडाक्षरं नीट काढा.

त्यांनी अर्जदार एवढंच लिहिलं होतं, तेवढ्यात ताई पुढं आली. पदर तिनं सारखा केला नाही.

"अहो, त्यात माझीही सही आहे," ती म्हणाली. "मी नाही काढत माझी."

दाजी म्हणाले, तू गप्प बस, तुला यातलं काय कळतं. ताई म्हणाली, मला एवढं कळतं की मी सही केली ती ही येईल म्हणून केली. सात वेळा आली. आज आठव्यांदा आली, पिशवी घेऊन आली. माझं काम झालं, हिचं काम झालं. तुमचं काय राहिलंय? ती हे ओरडून म्हणाली नाही. स्वयंपाकघरात शंभर मुलांची पानं वाढताना जसा सगळ्यांना पुरेल असा आवाज लावतात, तसा लावला. बाकावरच्या बायका वळून बघायला लागल्या. मग तिनं कारकुनांना विचारलं, यांनी एकट्यानं काढला तर? ते म्हणाले, मग तुमच्या एकटीवर भागतं का ते साहेब ठरवतील, नाही भागलं तर हिनं दुसरा माणूस आणायचा. ताई म्हणाली, ठीक आहे, मी साहेबांना सांगेन की घर दोघांच्या नावावर आहे आणि माझ्या वाट्याची खोली मी देते, ज्या खिडकीतून झाड दिसतं ती.

दाजींचं तोंड उघडं राहिलं. ताई अशी बोलते हे त्यांना सव्वीस वर्षांत कुणी पाकिटावर लिहून कळवलं नव्हतं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. कागदाची घडी केली, पुन्हा घडी केली, इतकी लहान की ती मुठीत मावली. म्हणाले, मी कुठं खरंच काढणार होतो. आणि हेच मला सगळ्यात जास्त लागलं. खरंच काढणार असते तर एक वेळ मी त्यांना माफ केलं असतं.

मी कारकुनांना विचारलं, साहेब, मी राहायचं ठिकाण बदललं तर चालतं का. ते म्हणाले, न सांगता नाही, सांगून चालतं, जामीनदारांनाही माहीत पाहिजे. मी म्हटलं, दोघं समोरच आहेत. आणि मी जिराफच्या खोलीचा पत्ता सांगितला. दाजी म्हणाले, म्हणजे आता लोक काय म्हणतील, मेहुणीला घराबाहेर काढलं म्हणून?

"दाजी," मी म्हटलं, "तारखेला मी येईन, एकही चुकवणार नाही. तुमच्या सहीला बट्टा लावणार नाही. हजेरी तुमची आहे, ती देते. मिंधेपण त्या कागदात कुठं लिहिलेलं नाही, ते नाही देणार."

कारकून लिहीत होते. वर न बघता म्हणाले, घर नंबर पुन्हा सांगा.

अकरा वाजता पुकारा झाला. मी आत गेले, हजर म्हटलं, पुढची तारीख मिळाली. दोन मिनिटं. बाहेर वकीलबाई धावत दुसऱ्या केसकडं चालली होती, मी तिचा काळा कोट धरून तिला थांबवलं आणि दाजींनी सहीसाठी माझ्याकडं दिलेलं मॅनेजरचं पत्र तिच्या हातात दिलं. तिनं उभ्या उभ्या वाचलं. विचारलं, हे कुणी दिलं, कधी, कुणासमोर. मी दाजींकडं बोट दाखवलं. वकीलबाईनं त्यांना विचारलं, तुम्ही हे सांगाल का, विचारलं तर? दाजींनी मुठीतली घडी खिशात टाकली. मग म्हणाले, पत्र कुणी दिलं आणि कुणासाठी दिलं एवढं सांगेन. आतल्या मजकुराशी माझा संबंध नाही. तिथंही ते टपालवालेच राहिले. वकीलबाई म्हणाली, तेवढं पुरे. आणि माझ्यावर डाफरली, हे मला चार महिन्यांपूर्वी का नाही दाखवलंस. मी घाबरले होते, हे उत्तर नसतं.

ताईनं मला रस्त्यापर्यंत सोडलं. माझी ओढणी खांद्यावर सारखी केली आणि म्हणाली, दुपारी वसतिगृहाच्या मागच्या दारानं येत जा, जेवायला. उपकार नाही, उरतं ते. मग वळून दाजींबरोबर घरी निघाली. आज ती मागं नव्हती. त्यांच्या दोन पावलं पुढं होती, आणि दाजी तिला गाठायला चालत होते.

जिराफची खोली तिसऱ्या गल्लीत, जिन्याखाली. ती डाव्या हातानं केस विंचरत होती. सांगितलं तिला सगळं. मला वाटलं ती मला जवळ घेईल. ती भडकली. तिची लांब मान लाल झाली.

म्हणाली, पिशवी भरून तुरुंगात निघाली होतीस? मला न विचारता? तू आत गेलीस की मग कामगार कचेरीत माझ्या बाजूनं उभं कोण राहणार होतं? तुरुंगातून आणलेल्या बाईचं ऐकतं का कुणी? त्या मॅनेजरला हेच हवं होतं, एकतर सही कर नाहीतर आत जा, आणि तू पळत निघालीस. राग तुझा, दांडी तुझी, तुरुंग तुझा. हात कुणाचा होता, शिट्टे?

खरं होतं ते. चार महिने मी तिच्यासाठी लढतेय असं मला वाटत होतं, आणि चार महिन्यांत मी तिला एकदाही विचारलं नव्हतं की तुला काय हवंय. दाजींनी तरी निदान तोंडावर उपकार सुनावले. मी मनातल्या मनात करत राहिले.

ती पाठ करून बसली. थोड्या वेळानं कंगवा मागं सरकवला. मी तिची वेणी घालायला घेतली. पेड घट्ट पडत होते. ती म्हणाली, परवा कचेरीत सुनावणी आहे. काय सांगणार ते आता सांग, मला ऐकू दे.

मी म्हटलं, पट्टी तारेनं बांधली होती. मुकादमानं बांधली. मी बघितलं.

ती म्हणाली, पुढं.

मी म्हटलं, मी त्याला सांगितलं हे बरं नाही. तो बोलला ते बोलला. मग सगळ्या हसल्या.

ती म्हणाली, आणि?

मीही हसले, मी म्हटलं. मीही हसले गं.

तिनं मान वळवली नाही. वेणी माझ्या हातात तशीच ताणलेली राहिली. बाहेर कुणीतरी जिना चढत होतं, एकेक पायरी आमच्या डोक्यावरून गेली.

"तेही सांग," ती म्हणाली. "रागानं सांग, पण सगळं सांग."